पंक्चर न होणारे टायर

बाबा गेले त्याला दोन वर्षं होत आली तेव्हा मी सायकलसाठी ट्यूबलेस टायर शोधायला लागलो. मोटारीला, स्कूटरला ते असतात हे सगळ्यांना माहीत होतं. सायकललाही मिळतात असं ऑफिसात सांगितलं की लोक हसायचे. चाळिशी उलटलेला माणूस आणि टायरचा एवढा ध्यास! त्या हसण्याचा मला राग यायचा. मला तसा कशाचाही राग येतो, पण टायरच्या बाबतीत जरा जास्तच यायचा.

आम्ही रोडपालीला राहायचो. घरात आई, बाबा आणि मी. बहीण लग्न होऊन नाशिकला गेलेली, आणि मी लग्नाचं कधी मनावर घेतलं नाही. बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. वाचा अगदीच गेली नव्हती, पण जी उरली होती ती आई आणि मी सोडून कुणाला कळत नसे. आठ महिने ते पलंगावर होते. सकाळी आठ वाजता त्यांना कुशीवर वळवून अंग पुसायचं, कपडे आणि चादर बदलायची. त्याला दोन माणसं लागायची, आईला एकटीला ते झेपत नव्हतं. त्याआधीचे दोन तास माझे होते. आईनेच ते मला काढून दिले होते. "जा, फिरून ये. नाहीतर दिवसभर माझ्यावर डाफरत बसशील," म्हणायची. तेही खोटं नव्हतं.

सहाला निघायचो. कळंबोलीचा लोखंड बाजार ओलांडायचा, पनवेल गावातून बाहेर पडायचं आणि नेऱ्याच्या रस्त्याला लागायचं. नेऱ्याच्या पुढे फार्महाउसांकडे जाणारा मुरमाचा कच्चा रस्ता होता. तिथे डोंगराच्या दिशेने थोडं आत जाऊन परत फिरायचं. आमच्याकडे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला घरचे एकच बजावतात, ट्रक आहेत, कडेने चालव. आम्ही सगळे शहाण्यासारखे कडेने चालवतो. आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरांतून निघालेल्या केसाएवढ्या तारा, लोखंडाचा कीस, पत्र्याच्या चिपा, असला सगळा कचरा चाकांनी ढकलला जाऊन साठतो तोही कडेलाच. तार कळंबोलीत शिरते, हळूहळू आत सरकते आणि हवा सोडते नेऱ्याला. ज्या पट्टीत जीव वाचतो त्याच पट्टीत टायर मरतो, हे इथल्या कुठल्याच आईबापाला पटत नाही.

त्या दिवशीही तसंच झालं. मुरमाच्या रस्त्यावर मागचं चाक बसलं. मी घरी पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. सोसायटीतले लोक बाजूला झाले. बाबा सव्वानऊच्या सुमारास गेले होते. डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "पंक्चर झालं होतं." मला कुणीही काही विचारलं नव्हतं.

आपल्याकडे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला शेवटची सकाळ पहिल्यापासून सांगावी लागते. तेरा दिवस आई ती सांगत होती. दर वेळी माझी पाळी आली की तीच म्हणायची, "ह्याचं नेमकं त्याच दिवशी पंक्चर झालं हो." मग येणारी बाई माझ्याकडे बघून चुकचुकायची, पुरुष पाठीवर हात ठेवायचे. मी मान खाली घालून बसायचो. निदान आई जवळ होती, हे समाधान मी घट्ट धरून ठेवलं होतं. आणि पंक्चरलाही तितकंच घट्ट धरलं होतं, कारण ते सुटलं असतं तर मग माझ्याजवळ काही उरत नव्हतं.

सायकलचं दुकान पनवेल गावात होतं. मालक साठीचे, कोकणी मुसलमान, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांचा धाकटा भाऊ मस्कतला होता. तो सुट्टीवर येताना बॅगेत अत्तर आणि चॉकलेटांच्या बरोबरीने सायकलचं सामान आणायचा, म्हणून इकडे दिसत नसलेल्या वस्तू त्यांच्याकडे मिळायच्या. त्यांनी तीन टायर माझ्यापुढे मांडले. एक अठ्ठावीस मिलिमीटर रुंद, गुळगुळीत, डांबरावर पळणारा. एक चाळीसचा, गुठळ्यागुठळ्यांचा, कच्च्या रस्त्याचा. आणि मधला बत्तीसचा, मध्ये सपाट आणि दोन्ही कडांना बारीक नक्षी असलेला.

"ह्यातला पंक्चर न होणारा कुठला?" मी विचारलं.

"कोणताच नाय, साहेब." ते हसले नाहीत, हे त्यांचं मला बरं वाटलं. "खिळा ह्यालाबी लागणार. आत आपण पांढरं दूध ओततो ना, रबराच्या चिकाचं, ते भोकात जाऊन सुकतं. बस. थोडी हवा जाते, तुमी चालत राहता. पण मोठी चीर गेली तर दूध काय करणार? आणि आपल्या गर्मीत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. बघत राहायला लागतं. एकदा ओतलं आणि विसरलं, असं नाय चालत."

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. टायर विकण्याआधी ते डॉक्टरसारखी चौकशी करायचे. वजन किती? डांबर किती, मुरूम किती? पावसात काढता का सायकल? पंक्चर महिन्याला किती? मी सांगत गेलो.

"आणि एका पंक्चरला वेळ किती जातो?"

"एकदा दोन तास गेले," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या सीटखालच्या पिशवीकडे पाहिलं. तिथे दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, शेजारी दांड्याला पंप. सगळं नीटनेटकं. मी त्याबाबत फार काटेकोर आहे. "ट्यूब होती?"

"होती."

"पंप?"

"होता."

"मग दोन तास कसले? तुमच्यासारख्याला वीस मिनटं लई झाली."

चोराच्या मनात चांदणं. त्यांनी हिशेबाने विचारलं होतं, रोखाने नव्हे. पण मी असा भडकलो की शेजारचा चहावाला वळून बघायला लागला. तुम्हाला टायर विकायचे आहेत की माझी उलटतपासणी घ्यायची आहे, असं काहीतरी मी बोललो. आणखीही बोललो असेन. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. चाचांनी तिन्ही टायर शांतपणे परत खुंटीला लावले.

खरं काय ते मी इथे लिहितो. त्या दिवशी मला वीसच मिनिटं लागली होती. सव्वासात वाजता चाक फिरत होतं आणि मी आठपर्यंत सहज घरी पोचलो असतो, फार तर दहा मिनिटं उशीर. मी नेऱ्यापर्यंत आलो आणि टपरीवर थांबलो. एक चहा घेतला. मग वडा खाल्ला. मग आणखी एक चहा. टपरीवाली म्हणाली, "आज घाय नाय वाटतं?" मी म्हणालो, "नाय." समोर शेतात एक माणूस बांधाला माती लावत होता, त्याच्याकडे मी बघत बसलो. मला त्या खोलीत जायचं नव्हतं. डेटॉलचा आणि लघवीचा तो मिसळलेला वास, बाबांचा जड हात माझ्या मानेभोवती, आणि वळवताना त्यांच्या डोळ्यांत येणारी ती लाज. बाबांनी आयुष्यात कुणाकडून साधं पाणी मागून घेतलं नव्हतं. मला ती लाज बघवत नव्हती. म्हणून मी बसून राहिलो आणि मनात म्हणालो, पंक्चर झालंय, सांगता येईल.

म्हणूनच मी पंक्चर न होणारा टायर शोधत होतो. जणू तो मिळाला असता तर सगळा दोष जुन्या टायरच्या नावावर चढला असता.

चार दिवसांनी मी चाचांकडे परत गेलो. माफी मागितली. ती मला नीट मागता येत नाही. मी फक्त म्हणालो, "ते दोन तास गेले त्या दिवशी वडील गेले होते. म्हणून चिडलो." त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, दुवा असावी, आणि बत्तीसचा टायर खुंटीवरून काढला.

"हा घ्या. तुमचा रस्ता बहुतेक डांबरी, मुरूम थोडा. चाळीसचा घेतला तर नेऱ्यापर्यंत पाय भरून येतील. अठ्ठावीसला हवा कडक भरायला लागते, मुरमावर तो उड्या मारील. हा थोड्या कमी हवेत नरम चालतो." त्यांनी माझ्या सायकलची रिम तपासली, ती ट्यूबलेस घेणारी निघाली. मग चाक आणि फ्रेममध्ये बोट घालून जागा पाहिली. बोट सहज फिरलं. "एक ट्यूब मात्र पिशवीत ठेवायची. भरवसा ठेवा, पण ट्यूबबी ठेवा."

बसवायला अर्धा दिवस गेला. रिमवर आतून पट्टी चिकटवली, व्हॉल्व्ह बसवला, टायर चढवला, दूध ओतलं. हातपंपाने टायरची कड रिमला धरेना. हवा इकडून भरावी तर तिकडून फुसकन जाई. शेवटी आम्ही दोघे चाकं घेऊन कोपऱ्यावरच्या ट्रकच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने मोठ्या कॉम्प्रेसरची नळी लावली आणि टायर ठाक ठाक करत जागेवर बसला. कडेने दुधाचे बुडबुडे आले आणि थांबले. चाचांनी चाक कानाशी धरून बराच वेळ ऐकलं. "बसला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी नेऱ्याला जाऊन आलो. मुरमावर सायकल शांत चालली, हात बधिर झाले नाहीत. टपरीपाशी मी थांबलो नाही. आठला पाच मिनिटं कमी असताना घरी होतो. घाई कशासाठी होती कोण जाणे, आता आठ वाजता घरात काहीच नसायचं.

आई दारात आली. मी चाक गोल फिरवून तिला दाखवलं. एका जागी दुधाचा पांढरा ठिपका वाळला होता. तार शिरली होती आणि मला कळलंही नव्हतं. तिला ते फार नवल वाटलं. तिने वाकून ठिपक्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "तेव्हाच हे टायर असते तर तुझी नि त्यांची भेट झाली असती रे."

हे मला ऐकवेना. मी तिथेच, सायकल धरून, तिला सगळं सांगितलं. वीस मिनिटं, दोन चहा, वडा, बांधावरचा माणूस. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. ती रडेल, किंवा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उचलेल, असं वाटलं होतं. उचलला असता तर मला हवाच होता.

ती चपलांच्या स्टँडवर बसली. मग म्हणाली, "मी पण नव्हते."

मला समजलं नाही.

"तुझी वाट बघायला खाली जाते, असं त्यांना सांगून गेले. फाटकापाशी जायचं होतं. पण बिल्डिंगच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. बसले ती उठवेचना. ऊन होतं, बरं वाटत होतं. अर्धा तास झाला असेल. वर आले तर..." तिने पदर तोंडाशी धरला. "तोंडात पाणी मी घातलं. पण ते नंतर. सगळ्यांना सांगितलं, माझ्या हातून दोन घोट प्यायले."

दोन वर्षं आम्ही एकमेकांना धीर देत होतो. ती माझ्या पंक्चरचा आणि मी तिच्या जवळ असण्याचा आधार घेत होतो, आणि बाबा त्या खोलीत एकटे गेले होते. मी सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो. जिन्यावरून शेजारचे कुणीतरी उतरले, आमच्याकडे बघून काही न विचारता गेले.

आई माझ्याकडे वळली. "त्यांनी हाक मारली असेल का रे?"

मी तिचा हात धरला.