सत्तर डिग्रीचं सूप

गल्लीतले लोक त्यांना डिग्रीकाका म्हणायचे, आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. कापडगिरणीच्या बॉयलरवर उभा जन्म काढलेला माणूस! तिथे काट्याने लाल रेघ गाठली की छातीत धस्स व्हायचं. ती भीती निवृत्तीनंतर काकांबरोबर घरी आली आणि स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. दुधात थर्मामीटर, आंघोळीच्या बादलीत थर्मामीटर. जावयाला ताप आला तेव्हा मात्र काकांनी नुसता कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "काही नाही, ढोंग आहे."

अशात काकू मोठ्या तापातून उठल्या आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. हाडांचा नुसता सापळा उरला. डॉक्टरांनी बजावलं, "माशाचं सूप द्या. पोटात काही गेलं नाही, तर पुन्हा दाखल करावं लागेल." काकांनी कंबर कसली.

कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की जास्त आचेवर माशातली सत्त्वं जातात, मांस चामट होतं. जास्त म्हणजे किती, हे मासिकाने लिहिलं नव्हतं. ते काकांनी ठरवलं. सत्तर! एकाहत्तर झालं की गॅस बंद.

"बाबा, एक उकळी तरी येऊ द्या हो," मुलगी फोनवर काकुळतीला यायची.

"उकळी? आईच्या जिवावर उठलीस की काय?"

कांदा, गाजर, मिरी, माशाचं डोकं, तुकडे, सगळं त्या बिनउकळीच्या पाण्यात तासन्‌तास डुंबायचं. मासा मऊसूत व्हायचा, नाही असं नाही. पण पाणी ते पाणीच. ना चव, ना वास. काकू दोन चमचे घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड फिरवायच्या. उरलेलं काका स्वतः प्यायचे, "काय पौष्टिक आहे!" म्हणायचे आणि तोंड वाकडं करायचे. बाळसं धरलं ते काकांनीच.

त्या दिवशी शेजारच्या मास्तरीणबाई चौकशीला आल्या. "वहिनी जेवतात का आता?" एवढंच त्यांनी विचारलं हो! पण काकांना श्रोता मिळाला. सूप का उकळू द्यायचं नाही, यावर दारातच त्यांचं व्याख्यान रंगलं. बाई एकदोनदा म्हणाल्या, "आत काहीतरी खदखदतंय." काका म्हणाले, "आधी ऐकून घ्या."

ऐकून झालं तेव्हा सगळा जिना माशाच्या वासाने भरला होता. काका धावले. सूप दुधासारखं पांढरं झालं होतं, तुकड्यांचा चुरा झाला होता, सत्त्वं कुठे गेली देव जाणे! काकांना रडू कोसळायचंच बाकी होतं.

आणि स्वयंपाकघराच्या दारात, चौकट धरून, काकू उभ्या होत्या. आजारी पडल्यापासून अंथरुणावरून आपण होऊन उठल्या नव्हत्या त्या!

"अहो, बघत काय बसलात? वाढा की!"

एक वाटी गेली. दुसरी गेली. डोकंसुद्धा चोखून झालं. काकांचे डोळे भरून आले.

"आज कुणी केलंय हो?" काकूंनी विचारलं.

"कुणी म्हणजे? मीच!" काकांनी छाती फुगवली.

"हो का? मग इतके दिवस कोण करत होतं?"

किती दिवसांनी बायकोने टोमणा मारला होता! काकांनी डोळे पुसले, उरलेलं सूप पुन्हा गॅसवर चढवलं आणि आच मोठी केली.