सारजाबाईंचा राहिलेला डाव

सारजाबाई केमहून सोलापूरला लेकाकडे आल्या त्या एक पिशवी घेऊन, आणि दारामागे ठेवलेली ती पिशवी त्यांनी अजून रिकामी केली नव्हती. लुगडी पिशवीतून निघत आणि धुऊन पुन्हा पिशवीतच जात. सून रेश्मा येताजाता तिकडे बघायची. गावाकडे आत्या, म्हणजे सासूबाई, चक्कर येऊन पडल्या होत्या, तेव्हा शेजारणीला कळायला संध्याकाळ झाली होती. पुन्हा एकट्या गेल्या तर? भाजी चिरतानाही हा घोर तिला सोडत नसे.

सारजाबाई उभ्या जन्मात रिकाम्या बसल्या नव्हत्या. लोकांच्या रानात खुरपलं, शेळ्या राखल्या, नवऱ्यामागं लेकाला, इंद्रजीतला शिकवलं. फ्लॅटमध्ये हाताला काम नाही. म्हणून एका सकाळी त्यांनी पिशवीच्या तळातून सागरगोटे काढले. त्या त्यांना गजगं म्हणत. नात ऋतुजाला शिकवू लागल्या. एक वर उडवायचा, तो खाली येईतो दुसरा उचलायचा.

फरशीवर टकटक सुरू झाली आणि रेश्मा बोलून गेली, "आत्या, घरात गजगे नका खेळू. भांडणं लागतात."

बी.कॉम. झालेली रेश्मा हे मानत नव्हती. पण तिच्या माहेरच्या गल्लीत सगळ्या कानडी शेजारणी. तिथं हा खेळ पायरीवर, नाहीतर देवळात; घरात कधीच नाही. केमला मात्र चुलीपुढंसुद्धा खेळत. सारजाबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं. गजगे पुन्हा पिशवीत गेले.

दुपारी नेमकं रेश्माचं आणि इंद्रजीतचं वाजलं. आत्यांना डॉक्टरकडे कुणी न्यायचं, एवढंच कारण. इंद्रजीत न जेवता कामावर गेला.

संध्याकाळी रेश्मा ऋतुजाला शिकवणीहून घेऊन आली, तर दार नुसतं ओढलेलं. आत्या नाहीत. पिशवीही नाही.

गच्ची, किराणा दुकान, मारुतीचं देऊळ, सगळं पाहून झालं. इंद्रजीत फोन उचलेना. ऋतुजाचा हात धरून ती रिक्षाकडे धावली, आणि मागच्या बिल्डिंगच्या जिन्यातून आवाज आला.

"हात उलटा करा की, सारजक्का. तळव्यावर झेलणं लहान पोरींचं."

"आमच्याकडं तळव्यावरच झेलत्यात. उलट्या हातानं काय भाकरी थापायचीय व्हय, चन्नम्मा?"

त्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहणाऱ्या चन्नम्मा आणि आत्या, मध्ये गजगे. पिशवी आत्यांच्या मांडीला टेकलेली.

"आत्या, कुठं निघाला होता?"

"टेसनावर. ही म्हणली, पाणी पिऊन जावा. पिशवीत गजगं वाजलं, तर बसवूनच घेतलं." त्यांनी सुनेकडे न बघता एक गजगा उडवला. "सकाळी मी घरात खेळले, दुपारी तुमचं वाजलं. पोरगं उपाशी गेलं. तू खरंच बोलली व्हतीस की."

रेश्मा तिथंच पायरीवर बसली. "गजग्यांमुळं नाही हो, आत्या. आमचं रोजच वाजतं."

"रोज?"

"रोज," ऋतुजा म्हणाली.

चन्नम्मा हसल्या. "मग गजग्यांना कशाला बोल? आणि सारजक्का, माझा डाव राहिलाय तुमच्यावर. तो ठेवून गाव सोडायचं न्हाय."

"आमच्याकडं बी न्हाय सोडत," सारजाबाई म्हणाल्या. इथं मात्र दोन्ही गावांचा नेम एकच निघाला.

अंधारून आलं तसं चन्नम्मांनी गजगे गोळा करून आपल्याकडेच ठेवले. सारजाबाईंनी ते मागितले नाहीत.

घरी आल्यावर पिशवी पुन्हा दारामागेच गेली. रेश्मा दोनदा उठून ती पाहून आली. दुसऱ्यांदा तिनं पिशवी हलवून पाहिली. आत काही वाजलं नाही.