नाल्याकडचं फाटक

बागेच्या साहेबांनी नामदेवभाऊंना फसवलं. तेरवीला सगळे भाऊंच्या चालण्याबद्दल, त्यांच्या बडबडीबद्दल बोलले. हे कोणी बोललं नाही, म्हणून मी सुरुवात इथूनच करतो. दुकानाचं शटर वर करत असताना त्यांच्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा झोपेतच गेले..." शटर अर्धं सोडून मी निघालो. त्यांच्या मरणाचा दोष मी कोणाला देत नाही. फसवणुकीचा देतो.

भाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे, सगळी नोकरी इकडे हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्यात. निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवळाच्या ओट्यावर बसली, हे नाल्यात उतरले. आमच्या कॅम्प-१ या कामगार वस्तीमागे पाण्याने कापलेल्या खोल घळी आहेत. बाकीच्यांच्या लेखी ती कचरा फेकायची जागा. भाऊंनी दर रविवारी चालून चालून तिथे पायवाट पाडली आणि मलाही ओढलं. मी भंगाराचा धंदा शून्यातून उभा केलेला माणूस, मला फुकटची पायपीट पटत नसे. पण पहिल्याच दिवशी बेशरमच्या झुडपांतून वर चढलो आणि समोर बंद पडलेला अग्निविटांचा कारखाना... भट्ट्यांच्या कमानींत पोपट, धुराड्यावर पिंपळ. मी सवयीने लोखंडाचा अंदाज घेऊ लागलो, तर भाऊ ओरडले, "अबे, वजन नको करू! जरा पाहून त घे!" मग वहिनींनी बांधून दिलेली बेसनाची कुरकुरीत ठेठरी आम्ही तिथेच एका कमानीखाली खाल्ली.

पुढे त्या बंद कारखान्याच्या जागेचं उद्यान करायचं ठरलं. त्या कामावरचे एक साहेब भाऊंना शोधत आले. कितीतरी सकाळी भाऊंनी त्यांना घळ दाखवली: पाणी कुठे चढतं, कुठली कड ढासळते, कोरड्या पायांनी कुठून जाता येतं. बदल्यात मागितलं एवढंच, की नाल्याच्या बाजूला एक फाटक ठेवा. कॅम्पातल्या बायापोरांनी ट्रकच्या गर्दीतून हायवेने वळसा का घालायचा? साहेब हसून म्हणाले, "हो जाएगा, दादा."

माझं डोकं तिथेच सणकलं. परतताना म्हणालो, "भाऊ, हा देत नाही."

"कावून?"

"त्यानं भावच नाही केला. ज्याले द्यायचं असते तो कुरकुर करते, अर्धं कापते. हा त नुसता मान डोलवून राहिला."

"तुले सगळीकडे भंगारच दिसते! आमच्या प्लांटात साहेबानं तोंडानं हो म्हटलं का काम सुरू."

प्लांटमध्ये आयुष्य घातलेल्या माणसांची हीच चूक. भट्टीसमोर तोंडी शब्दावर ते जीव टाकत आले. बाहेरही शब्दाला तेवढंच वजन असेल, असं त्यांना वाटतं.

फाटक झालं. उद्घाटनाला भाऊ अर्धी वस्ती घेऊन त्यातून आत शिरले, नवरदेवासारखे मिरवले. नंतरच्या रविवारी पाहतो, तर फाटकाला वेल्डिंग. साहेब म्हणाले, "ऊपर से आदेश है." पलीकडच्या बंगलेवाल्या नेहरू नगरकडून गाडीने येणाऱ्यांसाठी पार्किंग मात्र ऐसपैस. मी भडकून म्हणालो, "गॅस कटर आणतो, चला." भाऊंनी मनगट धरलं. "नाही बे. आपण कापलं त आपण चोर. ज्यानं बंद केलं, त्यालेच उघडू दे." त्यानंतर मरेपर्यंत एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. नाल्यातून चढायचे, फाटकाच्या पत्र्यावर तळहात आपटायचे, उत्तर आलं नाही की परत फिरायचे.

तेरवीनंतर, गेल्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "मलेही येयाचं हाय." गुडघे दुखत असतानाही त्या घळ उतरल्या, चढल्या. मागे वस्तीतल्या बाया होत्या. वहिनींनी पत्र्यावर हात मारला, तसा आतून चौकीदार बोलला, "अम्मा, रास्ता बंद है."

"मले माहीत हाय," वहिनी म्हणाल्या. "कोणं केला, ते इचारून राहिली."

 त्या बिचाऱ्याशी माझं भांडण नाही. पण साहेबांचं ते 'ऊपर' म्हणजे कोण, त्याला नाव आहे, खुर्ची आहे. येत्या रविवारीही आम्ही सगळे तिथे उभे असू. त्याने स्वतः यावं आणि या बाईच्या तोंडावर सांगावं, की तिच्या नवऱ्याला दिलेला शब्द कोणासाठी मोडला.