डाव्या नडगीचा स्नायू

मी ड्रम्स वाजवते. ज्या प्रकारचं संगीत वाजवते त्याला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. डिचोलीच्या आसपास ते वाजवणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही. आमच्या बँडमधले बाकीचे तिघे म्हापशाचे. आठवड्याचे सहा दिवस मी पेडण्यातल्या एका औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत असते. गोळी किती वेळात विरघळते ते तपासणं हे तिथलं माझं एक काम. घरी आले की चहा-पाव घेते आणि शेडमध्ये जाते.

शेड घराला लागूनच आहे, पत्र्याची. तिच्यात बाबांचा खनिज वाहणारा ट्रक असायचा. खाणी बंद झाल्यावर तो बराच काळ नुसता उभा राहिला, मग बाबांनी तो विकला आणि शेड रिकामी झाली. ड्रम्स ठेवू का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. दुपारी जेवणानंतर लोक पडलेले असतात तेव्हा वाजवायचं नाही, आणि चवथीला गणपती घरात असेपर्यंत तर मुळीच नाही. शेजाऱ्यांचं गाऱ्हाणं आलंच तर ते बाबा अंगणात उभे राहून ऐकून घेत. मला येऊन काही सांगत नसत.

हे संगीत ऐकणाऱ्याला गोंगाट वाटतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वाजवणाऱ्याच्या बाजूने मात्र ते बरंचसं अंगमेहनतीचं काम आहे. दोन्ही पायांखाली एकेक पेडल असतं आणि दोन्ही पेडल्स एकाच मोठ्या ड्रमवर वार करतात. वेगवान गाण्यात प्रत्येक पायाला सेकंदाला सहा-सात वार करावे लागतात. सगळे सारख्या जोराचे, सारख्या अंतराने. हात वर वेगळंच काही करत असतात. एकदा मनगटाला नाडी मोजणारं घड्याळ बांधून वाजवलं. गाणं संपल्यावर पाहिलं, तर मयेच्या चढावर धावत गेल्यावर दिसतो तसा आकडा होता. आणि हे सगळं एका जागी बसून. मे महिन्यात पत्र्याखाली वाजवलं की स्टुलाभोवतीची जमीन घामाने ओली व्हायची. आईने तिथे एक जुनं गोणपाट टाकून ठेवलं होतं.

त्रास डाव्या पायात सुरू झाला. गाण्याच्या मध्यावर आलं की नडगीच्या हाडाला लागून, बाहेरच्या अंगाला जो स्नायू असतो तो भरून यायचा. त्याला दुखणं म्हणता येणार नाही. आत काहीतरी दाटून बसल्यासारखं वाटायचं. मग अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधली जागा बधिर व्हायची, आणि थोड्या वेळाने पाऊल उचलेनासं व्हायचं. मी उचलायला जायचे आणि ते पेडलवर तसंच पडून राहायचं. थांबलं की काही मिनिटांत सगळं पूर्ववत. सकाळी स्कूटरवरून कामाला जाताना त्याची खूणही नसायची.

पाय कमजोर आहे, असं मी ठरवलं. घोट्याला वाळूच्या पिशव्या बांधून व्यायाम केला, पायऱ्या चढले-उतरले, रोज वाजवायचा वेळ वाढवला. त्याने पाऊल आणखी लवकर पडायला लागलं. आईने खोबरेल गरम करून लावलं, त्याने निदान बरं वाटायचं.

त्या वर्षी आमचा पहिला अल्बम रेकॉर्ड व्हायचा होता. गिटार वाजवणाराच रेकॉर्डिंगचं सगळं बघायचा. त्याच्या म्हापशाच्या घरी एक खोली त्याने त्यासाठी तयार केली होती. आम्ही आपसात कोंकणीच बोलतो. तो सहसा आवाज चढवत नाही. शेडमध्ये एकच गाणं चार वेळा मध्येच तुटलं तेव्हा त्याने गिटार उतरवून ठेवली आणि आधी पाय दाखवून ये, मग बघू, असं सांगितलं.

डिचोलीच्या बाजारात एक फिजिओथेरपिस्ट बसते. मूळची सावंतवाडीची, साधारण माझ्याच वयाची. तिच्याकडे गुडघेदुखीच्या बायका आणि पाठ धरलेले ट्रकवाले येतात. तिने माझी पावलं दाबून, वळवून, जोर लावायला सांगून पाहिली आणि दोन्ही पायांत काही फरक नाही म्हणाली. मग वाजवताना पाहायचंय म्हणून एका रविवारी शेडमध्ये आली. कानांत कापसाचे बोळे घालून ती ड्रमच्या बाजूला जमिनीवर बसली आणि माझ्या डाव्या नडगीवर तळवा ठेवला. मला आधी सावकाश वाजवायला सांगितलं, मग हळूहळू वेग वाढवायला.

नंतर तिने काय जाणवलं ते सांगितलं. सावकाश वाजवताना तिच्या हाताखाली स्नायू उठत होता, बसत होता. वेग वाढला तसा तो उठला आणि उठलेलाच राहिला.

"पायात ताकद भरपूर आहे तुमच्या," ती म्हणाली. "तो सैल पडत नाही, एवढंच."

पेडल खाली दाबतो तो पोटरीचा स्नायू. पाऊल पुन्हा वर उचलतो तो नडगीपुढचा. वेगात वाजवताना मी दोन्ही एकदम आवळून धरत होते, म्हणजे पाय स्वतःशीच झगडत होता. मी केमिस्ट्री शिकलेली, त्यामुळे तिने पुढचं जरा खोलात सांगितलं. स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या पेशींत कॅल्शियम सुटतं. सैल पडायचं तर ते परत आत ओढून घ्यावं लागतं. त्यालाही शक्ती खर्च होते, आणि आखडण्यापेक्षा वेळ जास्त लागतो. तेव्हा वेगाची मर्यादा स्नायू किती चटकन सैल पडतो यावर ठरते. हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं वार करण्याचाच सराव करत आले होते.

पण बधिरपणा तिला आवडला नाही. तिने मला पणजीच्या एका अस्थितज्ज्ञाकडे पाठवलं. प्रत्येक स्नायूभोवती एक न ताणणारं आवरण असतं. मेहनतीने स्नायू रक्ताने फुगतो, आवरण जागा देत नाही, आत दाब वाढतो आणि शेजारची नस चेपली जाते, असा त्या डॉक्टरांना संशय होता. दाब मोजायला स्नायूत सुई घालावी लागते, एकदा आरामात असताना आणि एकदा त्रास सुरू झाल्याबरोबर. धावणाऱ्या लोकांना हे होतं, म्हणून त्यांनी मला ट्रेडमिलवर धावायला लावलं. मी दमले, घामाघूम झाले, पण बोटांमधली जागा काही बधिर झाली नाही.

"धावून होत नाही," मी सांगितलं. "वाजवूनच होतं."

तसं असेल तर पुढच्या खेपेला वाजवायचं सामान घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या खेपेला बाबांनी ट्रकनंतर घेतलेली व्हॅन काढली. मी डबल पेडल आणि सरावाचं रबरी पॅड घेऊन गेले. तपासणीच्या खोलीत एका स्टुलावर बसून कानांत ठेका देणारा मेट्रोनोम लावला आणि वाजवायला लागले. रबरावरचा आवाज मोठा नसतो, पण जमीन हादरते. दोनदा कुणीतरी दार उघडून बघून गेलं. तिसऱ्यांदा खालच्या मजल्यावरून एक नर्स, वर काही फोडकाम चाललंय का ते विचारायला आली. डॉक्टर तिला नाही म्हणाले आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. बोटांमधली जागा बधिर झाली तशी मी मान हलवली. त्यांनी मला तशीच खाटेवर आडवी केली आणि सुई घातली. सुईपेक्षा तिच्यातून थेंबभर पाणी आत सोडतात त्याची कळ जास्त होती.

दाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, शस्त्रक्रिया: नडगीवर चीर देऊन ते आवरण उभं कापायचं, म्हणजे स्नायूला फुगायला जागा मिळते. दुसरी वाट त्यांनी जरा संकोचानेच सांगितली. वाजवणं सोडलं तर हा आजार उरतच नाही. चालायला, स्कूटर चालवायला, कामाला त्याचा कधीच अडथळा होणार नाही.

परत येताना बाबांनी म्हापशाचा सिग्नल ओलांडला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे वाजवलं नाय तर तुका कायच नाय?"

"कायच नाय."

"आणि कापलं तर?"

"तर बहुतेक वाजवता येतला."

"बहुतेक," ते म्हणाले. अस्नोड्याला त्यांनी भाजी घेण्यासाठी व्हॅन थांबवली, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी डॉक्टरांना कळवलं की पावसाळाभर आधी वाजवण्याची पद्धत बदलून पाहते, नाहीच जमलं तर शस्त्रक्रियेसाठी येते. त्यांनी हरकत घेतली नाही. पाय सुन्न झाल्यावर एक वारही पुढे वाजवायचा नाही, एवढं मात्र बजावलं.

अल्बम थांबवणं शक्य नव्हतं. गिटारवाल्याने सुचवलं की हातांचं वाजवणं मी करावं, पायांचं तो कॉम्प्युटरवर घालेल. या संगीतात ते सर्रास चालतं. मलाही ते ठाऊक होतं. मी हो म्हटलं. त्याच्या खोलीत बसून मी फक्त हात वाजवले आणि पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवले. अल्बम इंटरनेटवर आला तेव्हा खालच्या प्रतिक्रियांमध्ये तिघाचौघांनी पायांच्या वेगाचं कौतुक केलं होतं. एकाने, ही बाई माणूस आहे की यंत्र, असं विचारलं होतं. त्या प्रतिक्रिया मी एकदा वाचल्या आणि बंद केल्या. आईला मात्र त्या कुणीतरी दाखवल्या, आणि तिने त्या मावशीला फोनवर वाचून दाखवल्या.

तो पावसाळा कंटाळवाणा गेला. फिजिओथेरपिस्टने स्टूल उंच करायला लावलं, म्हणजे मांडी पोटाकडे दुमडत नाही आणि पायाचं वजन मांडीच्या स्नायूंवर येतं. पाऊल मी उचलायचंच नाही; वार झाल्यावर पेडलची स्प्रिंग त्याला वर ढकलेल, मी फक्त आडवं यायचं नाही. ऐकायला हे सोपं आहे. पण जो स्नायू आवळलाय हे कळतसुद्धा नाही, त्याला सैल सोडायचं कसं? ती मला वाजवता वाजवता अधूनमधून पूर्ण थांबायला सांगायची आणि नडगीवर बोट दाबायची. बोट आत गेलं तर ठीक. सुरुवातीला जायचंच नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असला की मेट्रोनोम ऐकू येत नसे, म्हणून त्याचा दिवा समोर लावून वाजवायचे. इतक्या सावकाश वाजवायचे की बाबांनी एकदा दारातून डोकावून, आज काय झालं, असं विचारलं.

चवथी झाली, पाऊस ओसरला. तोवर ती मला अगं-तुगं करायला लागली होती. एका संध्याकाळी नेहमीप्रमाणे थांबले, तिने बोट दाबलं आणि ते आत गेलं. तिने मेट्रोनोम थोडा वाढवला. पुन्हा थांबवलं, पुन्हा दाबलं. ती निघून गेल्यावर मी स्वतः तिथे बोट दाबून पाहिलं. आनंद झाला असं म्हणवत नाही. शरीराचा एखादा भाग आपला आहे आणि इतकी वर्षं त्याच्याशी आपली गाठच पडली नव्हती, असं काहीसं वाटलं.

वेग मात्र पूर्ण परत आला नाही. अल्बममधल्या सगळ्यात वेगवान गाण्यात कॉम्प्युटर जे वाजवत होता तिथवर माझे पाय पोचत नव्हते. दिवाळीनंतर केरीला आमचा कार्यक्रम ठरला होता. मी गिटारवाल्याला सांगितलं की ते गाणं सावकाश घ्यावं लागेल. तो विचारात पडला. गाणाऱ्याने मात्र लगेच मान्य केलं. अल्बमच्या वेगात त्याला श्वास घ्यायला जागाच नव्हती, आणि हे तो इतके दिवस बोलला नव्हता.

कार्यक्रमाची जागा समुद्रापासून थोडी आत होती, सुरूच्या झाडांमागे. मला आणि ड्रम्सना उतरवून बाबा फेरीबोटीने तेरेखोलला ओळखीच्या एकांकडे गेले. ऐकायला चाळीसेक माणसं असावीत. निम्मी परदेशी, बाकीची म्हापसा, पणजी, एक-दोन बांद्याहून आलेली. वेगवान गाणं शेवटून दुसरं होतं. त्याच्या अखेरच्या भागात बोटांमधली जागा हलकीशी सुन्न व्हायला लागली. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मी थांबायला हवं होतं. मी त्याऐवजी खांदे सोडले, मांड्या सोडल्या, पाय स्प्रिंगवर नुसता ठेवला. सुन्नपणा होता तेवढाच राहिला आणि गाणं संपलं.

सामान आवरताना एक तरुण जवळ आला. अल्बममध्ये हे याहून वेगात आहे ना, असं त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "ते पाय कॉम्प्युटरचे आहेत."

त्याने मान हलवली आणि तो बिअर आणायला गेला.

बाबा शेवटच्या गाण्याला परतले होते, पण आत आले नाहीत. ड्रम्स व्हॅनमध्ये चढवताना त्यांनी फक्त पायाकडे बघून भुवया उंचावल्या. बरा आहे, असं मी सांगितलं.

शस्त्रक्रिया मी अजून केलेली नाही. कधीकधी, विशेषतः कारखान्यात दिवसभर उभं राहून आल्यावर, नडगी भरून येते. मग उठते, गेटपर्यंत चालून येते आणि पुन्हा बसते.

या वर्षी दुसरा अल्बम केला. या खेपेला पायांचं वाजवणंही माझंच घ्यायचं, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. गिटारवाल्याने मोठ्या ड्रमसमोर माइक लावला. ऐकताना काही वार कमीजास्त जोराचे निघाले, काही केसभर मागे. सरळ करू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. त्याने तरीही दोन ठिकाणी हात फिरवलाय. त्या जागा मला ऐकू येतात. मी त्याला तसं बोलून दाखवलेलं नाही.