सोपानला घातलेली शाल

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी फाटकावरच होतो. कर्वेनगरच्या सोसायटीचं हे फाटक आम्ही दोघांनी आळीपाळीने सांभाळलं. "भावजी, चक्कर आली, मोरीत पडले... उठलेच न्हाईत," वहिनी म्हणाल्या. समोर एक साहेब गाडीतून हॉर्न वाजवत होते. वाजवू दिला.

माझी शाळा चौथीत सुटली. पण सोपान मोरीत पडून मेला नाही, एवढं मला कळतं. धायरीचा गडी, भारी चेष्टेखोर. मला म्हणायचा, "तू फाटकाला टेकलायस का फाटक तुला?" गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर, दुपारी, कुणाचा तरी पाहुणा म्हणून आलेल्या पोराने फाटकातच मोटारसायकल आडवी लावली. सोपानने काढायला सांगितली. पोराने हातातलं हेल्मेट त्याच्या कानावर हाणलं. मी पाळी बदलायला येत होतो, डोळ्यांनी पाहिलं. तो कान गेला आणि वर चक्कर लागली ती कायमची.

आम्ही पोलिसांत निघालो, तर सोसायटीचे चेअरमन आडवे आले. वाढवू नका म्हणाले, आपण सोपानचा सत्कार करू. गणपतीच्या मंडपात शाल घातली, नारळ दिला, पोराला पाया पडायला लावलं, फोटो काढला. सोपान खूष. आमच्यासारख्याला कोण शाल घालतं? मला म्हणाला, "मोठ्या लोकांनी मान दिलाय, आता कशाला ताणायचं?" मी म्हणालो, "मान दिला का तोंड बांधलं?" दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढे कान बरा होईना, काम होईना. कामावर मार बसला म्हणून आम्हाला फाटकावर नेमणाऱ्या सिक्युरिटी एजन्सीवर भरपाईचा दावा लावला. एजन्सीच्या वकिलाने तोच फोटो काढून दाखवला. बघा, वैयक्तिक भांडण होतं, गोडीने मिटलं, कामाचा काय संबंध? वैयक्तिक म्हणे! सोपानला त्या पोराचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. अंगात एजन्सीचा निळा शर्ट नसता तर तो कशाला त्याच्या गाडीकडे फिरकला असता? कोर्टाच्या पायऱ्या उतरताना भिंतीला धरून थांबला. म्हणाला, "मारबी माझा खासगी निघाला बघ."

आता दावा वहिनी चालवतात. चेअरमन हार घेऊन घरी आले होते, फार सज्जन माणूस होता म्हणाले. वहिनींनी विचारलं, साहेब, एवढंच कोर्टात येऊन सांगाल का? त्यांना एकदम कुठलीशी मीटिंग आठवली. साक्षीला मी उभा राहणार. एजन्सीचा सुपरवायझर मला म्हणाला, "आजोबा, नोकरी सांभाळा." म्हटलं, शर्ट तुझा, काठी तुझी, ने घेऊन. तोंड माझं आहे.

ती शाल सोपानने कधी पांघरली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, खिळ्याला तशीच आहे. वहिनी ती त्याच्या अंगावर घालून पाठवणार होत्या, मी घालू दिली नाही. फोटोला आवाज नसतो... पण मी मंडपात पुढेच उभा होतो. शाल घालताना चेअरमन माइकवर म्हणाले होते, "आपलं काम करताना ज्यांनी मार खाल्ला, त्या सोपानरावांचा सत्कार." सगळ्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या.

तारखेला ती शाल मी खांद्यावर टाकून जाणार आहे. कुणाची म्हणून विचारू दे त्यांना.