पाण्याचा तिसरा रेणू

वुर्यानी आमच्या योग्याकार्ताच्या विद्यापीठात आली ती डोंगरातल्या एका शाळेतून, रजा काढून. जुलैअखेर रजा संपणार होती. तोवर डॉक्टरेट झाली तर झाली, नाहीतर परत खडू-फळा, आणि पुन्हा रजा कोण देतंय?

मी त्याच मजल्यावर बाटल्या-नळ्यांत काम करते. ही बया रसायनशास्त्र करायची संगणकावर, हात म्हणून कधी ओला नाही. मी विचारायचे, "काय गं, आज काय सांडलंस?"

"म्बाक," ती आम्हा थोरल्यांना ताई म्हणावं तसं म्हणायची, "माझं पाणी पुसावं लागत नाही."

तिचं काम सेचांगच्या लाकडाच्या रंगाचं. ते लाकूड आलं घालून उकळून आम्ही पितो, पेला लालभडक होतो. तिचं गणित मात्र म्हणायचं, पिवळा. कारण गणितात तो रंगाचा रेणू एकटाच, रिकाम्या पोकळीत. मग तिने पाणी धरलं. पण हे लोक पाण्याचा एकेक रेणू ठेवत बसत नाहीत. सगळं पाणी मिळून भोवती एकसारखी मऊ गादी आहे, असं धरतात. रंग नारिंगीवर आला आणि तिथेच अडून बसला. तिचे मार्गदर्शक मार्सुदी सर, आमच्या बोलीत पाक मार्सुदी, रोज दारात उभे. "नाही जुळलं तर पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष तिच्याकडे होतं कुठे? पोरीच्या डोळ्याला डोळा लागेना.

त्यातच तिच्या चुलतबहिणीचं लग्न. आमच्यात लग्नघरी आधीपासून राबायला जावंच लागतं. जो जात नाही त्याच्या दारी उद्या कुत्रं फिरकत नाही. मी म्हटलं, "जा, कांदे सोल. कांद्यातच डॉक्टरेट मिळेल."

गेली. भात अंदाजाने शिजत होता, पाहुणे शंभर काय नि दीडशे काय. पण नवरीला दोन्हीकडून धरून आणणाऱ्या दोन मावश्यांपैकी एक बसमध्ये अडकली, तर सगळा मांडव खोळंबला. तिथे अंदाज चालेना. वुर्यानीने कांदे टाकून मला फोन लावला.

"म्बाक, गादी राहू दे. पण रंगाला घट्ट धरून बसणारं पाणी खरंखुरं ठेवायला हवं."

परतल्यावर तिने रंगाकडे पाहिलंच नाही. आधी रेणूभोवती भरपूर पाणी मोकळं सोडलं आणि कोण टिकतं ते बघत बसली. पाण्याचे दोन रेणू चिकटून राहिले, बाकीचे येत-जात राहिले. मग ते दोन खरे ठेवले, उरलेल्याची गादी केली, आणि हिशेब चालवला. लाल! जरा फिका, पण लाल. मी तिला मिठीच मारली.

पाक मार्सुदींना तो फिकेपणा खुपला. "तिसरा ठेवून बघ," म्हणाले. ठेवला. रंग पेल्यातल्यासारखा तंतोतंत आला.

"झालं की. हेच छाप."

"पाक, तो तिसरा टिकत नाही. सोडला की निघून जातो."

"परीक्षक बघायला येणार आहेत का?"

"मी बघितलंय ना."

मला तिचा असा राग आला म्हणता! तोंडाशी आलेला घास ही लाथाडतेय. मी चांगली झापली तिला. "एवढंसं इकडचं तिकडे केलंस तर आभाळ कोसळणार आहे?"

"शाळेत मीच पोरांना ओरडते, म्बाक. पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून रीत लिहू नका म्हणून."

छापलं तिने दोनचंच. तोंडी परीक्षेला सुराबायाहून परीक्षक म्हणून बु हार्ताती आल्या, बु म्हणजे बाई. या बाईंपुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. त्यांनी पानं उलटली, चष्मा वर केला.

"रंग थोडा चुकतोय तुमचा. पाण्याचा तिसरा रेणू घातला असतात तर जुळला असता."

पाक मार्सुदी खिडकीबाहेर बघायला लागले.

"जुळतो, बु. घालून पाहिला. पण तो तिथे राहत नाही, म्हणून घेतला नाही."

"म्हणजे चूक तशीच ठेवलीत?"

"हो. ती कुठून येते ते मला अजून कळलेलं नाही."

बु हार्तातींनी पेन उघडलं.

"पाणी मोकळं सोडून हा हिशेब मी घरी करून आले होते," त्या म्हणाल्या. "तो तिसरा या पानावर दिसला असता, तर मी सही केली नसती."

आणि त्यांनी सही केली. वुर्यानी नुसती उभी होती. रडले मी, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन.