कंडक्टर सगळ्यात शेवटी चढतो

आम्ही तिन्ही भावंडं जन्मलो तेव्हा बा ड्युटीवर होता. रिसोड डेपोत तो एसटीचा कंडक्टर. मी झाले तेव्हा तो पुसदच्या फेरीवर, भाऊ झाला तेव्हा अकोल्याच्या, आणि धाकटी झाली तेव्हा त्याची गाडी मालेगावजवळ टायर फुटून उभी. मायनं हे त्याला जन्मभर ऐकवलं. भांडण मिठावरून असो की पाहुण्यांवरून, शेवटी गाडी तिथंच यायची. म्हणून धाकटीचं बंगलोरला सिझर ठरलं आणि ती फोनवर म्हणाली, "बा, या टायमाले तू दवाखान्याच्या दारात पाह्यजेच," तेव्हा रिटायर होऊन चार वर्षं झालेला माझा बा चक्क लाजला. म्हणाला, "येतो ना बाई. आता कोन्ता डेपो मले अडवते?"

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरनं तिला प्रवासाला मनाई केली होती. मग माहेरच तिकडं निघालं. तिकिटं मी काढली, सगळ्यात स्वस्तातली, आणि शहाणपणा म्हणून सगळ्यांना तसं सांगितलंही. सिझर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. आमचं विमान नागपुरातून दुपारी बाराचं. बख्खळ वेळ होता. बानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि मायनं डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता.

साडेबाराला बोर्डावर आमच्या विमानापुढं लाल अक्षरं उमटली. रद्द. का, तर 'ऑपरेशनल कारण'. म्हणजे काय, ते सांगायला माणूस नाही. कंपनीच्या काउंटरवर एकच पोरगी, बावीस-तेवीस वर्षांची, आणि तिच्यासमोर शंभर-सव्वाशे माणसं. तिचा मॅनेजर आत कुठंतरी होता आणि तिचाच फोन उचलत नव्हता. बिस्किटाचे पुडे वाटले, तेही निम्म्यात संपले. एक टाय लावलेला साहेब तिच्या अंगावर ओरडत होता. त्यानं बोर्डिंग पास चुरगाळून तिच्या तोंडावर फेकला.

मी काही कमी नव्हते. खोटं कशाला बोलू! रांगेत त्याच्यामागं मी दुसरी होते. काउंटरवर हात आपटला आणि म्हणाले, "तुम्हाला लाजा वाटत नाहीत का? उद्या माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे!" पोरीचे डोळे भरून आले. ती 'सॉरी मॅडम' म्हणाली, आणि मला आणखीच चेव आला.

तेवढ्यात बानं माझा दंड धरून मला बाजूला केलं. "चूप बस. तिनं बंद पाडलं का इमान?"

"पण बा..."

"टायर फुटला तं लोकायनं माह्या शर्टाचा खिसा फाडला होता. मी फोडला होता का टायर?" मग तो पोरीकडं वळला. "तू बस आदी, बाई. कवापासून उभी हायेस? पानी पे."

ती पहाटे पाचपासून उभी होती. बसली, पाणी प्याली. मग तिनं कॉम्प्युटरवर बराच वेळ बोटं चालवली आणि हळूच सांगितलं की चार वाजता याच कंपनीचं हैदराबादमार्गे बंगलोरला जाणारं विमान आहे, त्यात अकरा जागा आहेत. हळू सांगून काय होतंय! मागच्यांनी ऐकलं आणि माणसं काउंटरवर तुटून पडली. पोरगी पुन्हा उठून भिंतीला टेकली.

आणि माझ्या बापानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. चार वर्षं बंद असलेला तो आवाज त्या चकचकीत हॉलमध्ये घुमला, "ओ भाऊ! ढकलाढकली नाही! लेकुरवाळ्या पह्यले! मंग दुखनेकरी, मंग म्हाताऱ्या बाया, मंग बाकीचे! कोनी आंगावर नाही जायाचं तिच्या!"

एसटी रस्त्यात बंद पडली की कंडक्टर मागून येणारी गाडी थांबवतो आणि जागा असेल तसे आपले प्रवासी त्यात चढवतो. या क्रमानं. हे काम त्यानं तीस वर्षं केलं होतं. गंमत म्हणजे लोकांनी ऐकलं. टाय लावलेला साहेबसुद्धा गुपचूप रांगेत आला. बा एकेकाला पुढं काढत होता, पोरगी नाव टाकत होती. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, तिच्यामागं डायलिसिसचा एक पेशंट आणि त्याचा मुलगा, मग तीन म्हाताऱ्या. त्यात माय पाचवी होती की सहावी, मला आठवत नाही. मग काठी टेकत आलेले चार आजोबाही त्यानं पुढं काढले. मी मात्र मनात जागा मोजत होते. आठ. नऊ. दहा.

"बा, आता तू!" मी ओरडले.

"थांब. हे भाऊ आपल्या आदी उभे होते."

अकरावी जागा त्या टाय लावलेल्या साहेबाला गेली. बोर्डिंग पास फेकणाऱ्याला! मी कपाळावर हात मारला. "बा, इथं तुला कोणी कंडक्टर केलं होतं? आपण दुसरे होतो रांगेत. दुसरे!"

त्यानं बाह्या खाली केल्या. गाडी भरून गेली की कंडक्टर खाली उरतो, एवढंच त्याला येत होतं. आपण या खेपेला तिकीट काढलेले पॅसेंजर आहोत, हे तो साफ विसरला होता. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचा चेहरा पाहवेना. पोरीनं पुन्हा पुन्हा शोधलं. पुढची जागा परवाची होती. "काका, दिवसभरात मला बस म्हणणारे तुम्ही एकटेच," ती म्हणाली, आणि तिलाच रडू आलं.

माय एकटी कधी आमच्याच जिल्ह्यातल्या कारंज्यालासुद्धा गेली नव्हती. तिनं आधी मला शिव्या घातल्या, मग त्याच्याकडं वळली. "याही टायमाले? याही टायमाले तुमी नाही?" मग त्यानं लेकुरवाळीला हाक मारली. "बाई, हिले तेवढी बंगलोरले उतरवून देजा. पोरीचा नवरा येते घ्यायले." माय आत जाईपर्यंत तो हात वर करून उभा होता. मला त्याचा राग आला होता आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला, माय पोचली म्हणून. "अन् बा?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याले रागवू नको."

परवापर्यंत नागपुरात कोणाच्या घरी बसायचं, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळची रिसोडची एसटी धरली. बा खिडकीशी बसला, कंडक्टरशीसुद्धा बोलला नाही. कारंजा मागं पडलं आणि फोन वाजला. धाकटीचा नवरा होता. ऑपरेशन थिएटरच्या दारातून बोलत होता. "बाबांना द्या. नुसतं ऐकायला सांगा, बोलायला नको."

बानं फोन कानाला लावला. इंजिनाच्या खडखडाटात त्याला ऐकू येईना, म्हणून त्यानं दुसऱ्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटले. गाडीतली माणसं वळून पाहायला लागली, कारण तो रडत होता. फोन कधीच बंद झाला होता तरी त्यानं तो कानाचा काढला नाही.

"काय झालं, बा? पोरगा की पोरगी?"

"ते नाही इचारलं मी," तो म्हणाला. "रडनं आईकलं. पह्यलं रडनं. तुमच्या तिघायचंही आईकलं नव्हतं मी."